'वर्ग करणे', 'वळवणे' आणि 'पुनर्विनियोजन'

विचारणा अशी : विधिमंडळाच्या खर्चात एका शीर्षाखालचे, म्हणजे अर्थसंकल्पातल्या एका खर्च-सदराखालचे, पैसे दुसऱ्या शीर्षाखाली नेले, तर निधी 'वर्ग केला' म्हणावे, 'वळवला' म्हणावे की 'पुनर्विनियोजन' हा कागदी शब्दच लागतो?

माझ्या मते लागतो. 'वर्ग करणे' म्हणजे रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात जमा होणे, एवढेच. 'वळवला' म्हटले की ठपका येतो. 'पुनर्विनियोजना'त सभागृहाची मंजुरी गृहीत आहे, तिच्या मर्यादेसकट.

मूळ शब्द विनियोग. संध्येत 'प्राणायामे विनियोगः' म्हणतात, म्हणजे हा मंत्र या कर्मासाठी योजला. पैशाचेही तसेच : अमुक रक्कम अमुक कामासाठी. निधीतून खर्च करायला परवानगी देणाऱ्या विधेयकाला हिंदीने 'विनियोग विधेयक' ठेवले, आपण 'विनियोजन विधेयक' केले. मला आपले रूप आवडते, त्यात 'योजणे' ऐकू येते.

आता मर्यादा. एकाच मागणीत, म्हणजे सभागृहापुढे एकत्र मांडलेल्या खर्चाच्या गटात, प्रवास खर्चातली बचत कार्यालयीन खर्चाला देता येते. अधिकार वित्त विभागाचा किंवा त्याने ज्याला दिला त्याचा, आणि आदेश ३१ मार्चपर्यंत निघायला हवा. पण विधानसभेच्या अध्यक्षांचे वेतन घ्या. संविधानाच्या अनुच्छेद २०२(३) नुसार ते राज्याच्या एकत्रित निधीवर (सरकारच्या मुख्य तिजोरीवर) 'भारित' आहे. त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. आमदारांचे वेतन-भत्ते 'दत्तमत', म्हणजे सभागृहाने मत देऊन मंजूर केलेले. विधिमंडळ एकच, तरी अध्यक्षांच्या वेतनातली बचत आमदारांच्या भत्त्यांकडे नेता येत नाही. महसुली (नेहमीच्या) खर्चातून भांडवली (मालमत्ता उभारण्याच्या) खर्चाकडेही जाता येत नाही.

समजा, विधिमंडळाच्या मागणीत पैसे उरले आणि इमारतीची दुरुस्ती सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मागणीत आहे. इथे पुनर्विनियोजन नाहीच. बचत समर्पित करायची, म्हणजे वित्त विभागाला परत करायची, आणि बांधकाम विभागाने अनुच्छेद २०५ खाली पुरवणी मागणी, म्हणजे वर्षाच्या मध्येच जादा खर्चाची मागणी, आणायची. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ज्यांवरून रात्री उशिरापर्यंत बोलणे चालते, त्या याच पुरवण्या. खर्च 'नवीन बाब' असेल, म्हणजे अर्थसंकल्पात आधी नसलेल्या कामाचा असेल, तर त्याच मागणीत बचत असूनही सभागृहासमोर जावे लागते. मग नाममात्र रकमेची मागणी मांडतात.

त्यामुळे 'एका विभागाचा निधी दुसऱ्या विभागाकडे पुनर्विनियोजित' हे बातमीतले वाक्य चुकीचे आहे. तिथे 'पुरवणी मागणीद्वारे तरतूद' असे लिहावे.