टार फाईल ‘काढा’ म्हणजे नेमकं काय करा?

प्रश्न असा: लिनक्सवर सॉफ्टवेअर घालण्याच्या मराठी सूचनांत ‘डाउनलोड केलेली टार फाईल काढा’ असं लिहिलं होतं (टार फाईल म्हणजे अनेक फाईलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं). वाचणाऱ्यानं ती डिलीट केली. मग एक्स्ट्रॅक्ट, रिमूव्ह, पर्ज यांना मराठीत काय म्हणावं?

वाचणाऱ्याला दोष देता येत नाही. आपण प्रिंट काढतो, डाग काढतो आणि कपाटातून साडीही काढतो. बोलताना संदर्भ सांभाळून घेतो. टर्मिनलवर एन्टर दाबल्यावर कोण सांभाळणार?

एक्स्ट्रॅक्टसाठी ‘सोडणे’ घ्यावं, गाठोडं सोडतात तसं. टारचं मूळ काम बांधण्याचंच आहे (टेप अर्काइव्हचं लघुरूप, १९७९ च्या सातव्या युनिक्समधलं). दाबून लहान करतं ते जीझिप. गाठोड्याशी फरक इतकाच की सोडल्यावरही मूळ टार फाईल तशीच राहते. जीझिपनं दाबलेली जीझेड फाईल पूर्ववत करायला नुसतं गनझिप चालवलं तर मात्र ती जीझेड फाईल नाहीशी होते. ती हवी असेल तर ‘-के’ लावावं.

सूचनेत शब्दाइतकाच क्रमही नीट हवा. आधी ‘टार -टीएफ’ देऊन आतली यादी पाहायची. आत एकच मुख्य फोल्डर नसेल तर सगळ्या फाईली चालू फोल्डरमध्ये सांडतात आणि त्याच नावाच्या जुन्या फाईली न विचारता बदलतात. तसं दिसलं तर रिकामा फोल्डर करून ‘टार -एक्सएफ’, फाईलचं नाव, मग ‘-सी’ आणि फोल्डरचं नाव. हा सी कॅपिटल. छोटा सी बांधण्याचा. एफ नेहमी शेवटी, कारण त्याला लागून येईल ते टार फाईलचं नाव समजतं. ‘-एफएक्स’ लिहिलंत तर ‘एक्स’ हेच नाव ठरतं आणि काम काय करायचं ते सांगा, अशी तक्रार येते.

ॲप्ट (डेबियन, उबुंटूवर सॉफ्टवेअरची पॅकेजं घालणारी-काढणारी कमांड) हिच्या रिमूव्हला ‘काढून टाकणे’ चालेल, पण ईटीसी या सिस्टिमच्या फोल्डरमधल्या सेटिंगच्या फाईली मागे राहतात. ‘डीपीकेजी -एल’ (छोटा एल) या कमांडनं येणाऱ्या पॅकेजांच्या यादीत अशा पॅकेजपुढे ‘आरसी’ दिसतं. पर्जला काही जण ‘समूळ काढणे’ म्हणतात. ते जरा जास्तच होतं, कारण होम फोल्डरमधल्या तुमच्या स्वतःच्या सेटिंगला पर्जही हात लावत नाही. ‘सेटिंगसकट काढून टाकणे’ लांबलचक आहे, पण खरं आहे.

फाईल डिलीट करणाऱ्या आरएम कमांडसाठी ‘पुसणे’ नको. आरएम फाईलचं नाव फोल्डरमधून उडवतं. एखाद्या चालू प्रोग्रॅमनं ती फाईल उघडलेली असेल तर डिस्कवरची जागा तो बंद होईपर्यंत मोकळी होत नाही. भलीमोठी लॉग फाईल उडवूनही डिस्क भरलेलीच दिसते, ती बहुधा यामुळे. इथे सरळ ‘डिलीट’ लिहावं, आणि शेजारी ‘कचरापेटीत जात नाही’ हेही.