सॅम्पल परत मागव

चि. लेकरा,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आलास आणि अर्धा चहा तसाच ठेवून गेलास. "मॅडम, लॅबमध्ये सगळं मशीनच करतं. मी बारकोड चिकटवतो नि एंटर दाबतो. पेशंटला माझं नाव माहीत नाही, डॉक्टरांनी माझं तोंड पाहिलेलं नाही. औषध कंपनीत एमआरची नोकरी मिळतेय, जाऊ का?" तेव्हा मी काही बोलले नाही. दोन रात्री डोक्यात तेच घोळतंय, म्हणून लिहायला बसले.

नोकरी बदल की नको, ते मी सांगणार नाही. घराचा हप्ता तू भरतोस. पण मशीनच सगळं करतं हे माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलाच्या तोंडून मला ऐकवत नाही. पहिल्या दिवसापासून मी तुला एकच गोष्ट सांगत आले: शंका आली की सॅम्पल परत मागव, म्हणजे रक्त नव्याने घ्यायला लाव. ती का सांगत होते, हे मात्र कधी सांगितलं नाही. ते आज सांगते.

पावसाळा होता, डेंग्यूची साथ. मुंबई नाक्याजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी रात्रपाळीला होते. दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदाराची बायको तापाने ॲडमिट. रक्तपेशी मोजणाऱ्या मशीनने, सेल काउंटरने, प्लेटलेट जेमतेम 18,000 दाखवल्या. अंगावर कुठे लाल ठिपका नाही, हिरड्यांतून रक्त नाही, बाई उठून बसून बोलत होती. मला शंका आली होती. खरंच आली होती. पण टेबलावर चाळीस ट्यूबा होत्या आणि डॉक्टरांचा फोन दोनदा येऊन गेला होता. मी रिपोर्ट सोडला.

त्या माणसाने व्यापाऱ्याकडून उचल घेतली आणि रात्रभर प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी वणवण केली. सकाळी मी स्मिअर, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर, काढून पाहिला, तर स्लाईडच्या कडेला प्लेटलेटचे गठ्ठेच्या गठ्ठे. काही जणांच्या रक्तात, रक्त गोठू नये म्हणून जांभळ्या ट्यूबमध्ये घातलेल्या ईडीटीएमुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीनला त्या प्लेटलेट म्हणून मोजताच येत नाहीत. निळ्या सायट्रेटच्या ट्यूबमध्ये परत रक्त घेतलं, सायट्रेटने रक्त थोडं पातळ होतं म्हणून आकड्याला 1.1 ने गुणलं. 1,40,000 च्या पुढे निघाल्या. एक स्लाईड, दहा मिनिटं. बाई बरी होऊन घरी गेली, कुणी मला जाब विचारला नाही. माझं नाव त्यांनाही माहीत नव्हतंच. तुला ज्याचं दुःख होतंय ना, त्याचा त्या दिवशी मला आधार वाटला होता. त्याची लाज आजही वाटते.

त्यानंतर मी बदलले. लोक म्हणायचे, बाई हेकट आहे. असू दे. एकदा वॉर्डातून आलेल्या सॅम्पलमध्ये पोटॅशियम 11 आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. असा माणूस जिवंत नसतो, आणि हा तर जेवत होता. लाल ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं म्हणून कुणीतरी जांभळीतलं त्यात ओतलं होतं. ईडीटीएच्या क्षारात पोटॅशियम असतं आणि कॅल्शियम ते धरून ठेवतं. मी रिपोर्ट द्यायला नकार दिला, सॅम्पल परत मागवलं. मोठे डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडले, "तुम्ही फक्त आकडा द्या, अक्कल आम्ही लावतो." दुसऱ्या सॅम्पलमध्ये पोटॅशियम 4.2 आलं. त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. तीन महिन्यांत मला ती नोकरी सोडावी लागली आणि त्या वर्षी मुलीची फी भावाने भरली. घरात अजून ते निघतं. पण मी चुकले नव्हते. आज तीच ट्यूब समोर आली तर आजही परत पाठवीन, हे मी कुणापुढेही म्हणेन.

बॉम्बे ब्लड ग्रुप तू पाठ करून पास झालास. तो 1952 साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. ग्रुप तपासायचे द्रव, अँटी-ए आणि अँटी-बी, नुसते टाकून पाहिले तर ते रक्त सरळ ओ दिसतं. त्याच माणसाच्या सिरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पाण्यात, ओ गटाच्या पेशी घालाव्या तेव्हा गुठळ्या दिसतात आणि कळतं की ह्या माणसाला ओ रक्त दिलं तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून ग्रुप उलट बाजूनेही करायचा. घाईच्या रात्री कोण करतं ते? तूच सांग, तू करतोस का? मला खरं उत्तर हवंय.

आता खरं कारण. जाता जाता तू सहज म्हणालास, त्र्यंबकच्या कॅम्पमधून एका आजोबांची शुगर फक्त 58 आली, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, "पण आजोबा ठणठणीत होते म्हणे." सॅम्पल साध्या लाल ट्यूबमध्ये होतं, रक्तातली साखर टिकवणाऱ्या राखाडी ट्यूबा संपल्या होत्या. सकाळी आठला घेतलेलं, दुपारी एकला पोचलं, तोवर पेशी वेगळ्या करायला सेंट्रिफ्यूज नाही, बर्फ नाही. अरे, ट्यूबमधल्या पेशी जिवंत असतात, तासाला 5 ते 7 टक्के साखर खातात, उन्हात त्याहून जास्त. हे मीच तुला शिकवलं होतं. तुला शंका आली होती, नाहीतर तू मला ते सांगितलंच नसतंस. तरी एंटर दाबलंस. आता कुणीतरी तो कागद बघून आजोबांची गोळी कमी करेल, आणि त्यांची साखर चढत राहील.

माझ्यावर रागव, चालेल. एमआर हो, त्यालाही माझी ना नाही, नवा शर्ट मी घेऊन देईन. पण उद्या सकाळी लॅब उघडल्याबरोबर कॅम्पच्या रजिस्टरमधून नंबर काढ, आजोबांच्या घरी फोन लाव, उपाशीपोटी परत यायला सांग. राखाडी ट्यूब तू स्वतः घेऊन जा. सर रागावले तर माझं नाव सांग. आणि आकडा आला की मला कळव, मी घरीच आहे.

तुझी,
मॅडम