वाचकांचे प्रश्न : हिमनगांमुळे होणारे भूकंप

प्रश्न : हिमनदीपासून हिमनग तुटला की भूकंप होतो आणि त्याची नोंद हजारो किलोमीटर दूरच्या यंत्रांवरही होते, असे वाचनात आले. बर्फाचा तुकडा तुटल्याने ५ तीव्रतेचा भूकंप कसा होऊ शकतो?

उत्तर : आपल्याला आलेली शंका रास्त आहे. बर्फाला तडा जाताना बाहेर पडणारी ऊर्जा थोडी असते, आणि केवळ तिच्यावर भिस्त असती तर या घटनेची नोंद आसपासच्या यंत्रांपलीकडे गेलीच नसती. दूरवर पोहोचणारा हादरा बसतो तो हिमनग सुटल्यानंतर, पाण्यात उलटताना.

ग्रीनलंडमधील हेलहाइम किंवा कांगरलुस्सुआक यांसारख्या हिमनद्या अरुंद आणि खोल अशा फ्योर्डमध्ये, म्हणजे उंच कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीत, समुद्राला मिळतात. त्यांच्या टोकाशी बर्फाची जाडी कित्येक शे मीटर असते, आणि तो बर्फ समुद्रतळाला टेकलेला किंवा जेमतेम तरंगू लागलेला असतो. अशा टोकापासून माथ्यापासून तळापर्यंत आरपार चिरून जो तुकडा सुटतो, तो कड्यासारखा उंच आणि प्रवाहाच्या दिशेने अरुंद असतो. त्याचे आकारमान एक घन किलोमीटरपर्यंत, म्हणजेच वजन सुमारे एक अब्ज टनांपर्यंत जाऊ शकते. रुंदीच्या मानाने इतका उंच तुकडा पाण्यात उभा तरंगू शकत नाही. तो काही मिनिटांत आडवा होतो, आणि आडवा होताना पुष्कळदा त्याचा तळ समुद्राकडे सरकतो तर माथा हिमनदीच्या टोकावर रेलतो. होडीतून काठावर उडी मारणाऱ्याच्या पायांखालची होडी जशी मागे सरकते, तसाच हा हिमनग समुद्राकडे जाताना हिमनदीला उलट दिशेने, जमिनीकडे, रेटतो. हिमनदी तळाशी खडकाला टेकलेली असल्यामुळे तो रेटा अखेर पृथ्वीच्या कवचापर्यंत पोहोचतो.

हे निव्वळ कागदावरचे गणित राहिलेले नाही. २०१३च्या उन्हाळ्यात ब्रिटनमधील स्वान्सी विद्यापीठाच्या तावी मरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलहाइम हिमनदीच्या टोकाजवळ उपग्रहांच्या साहाय्याने स्थान मोजणारी यंत्रे बसवली होती. एरवी दिवसाला वीस-पंचवीस मीटर वेगाने समुद्राकडे वाहणारे तेथील बर्फाचे टोक हिमनग उलटत असताना काही मिनिटे चक्क उलटे, डोंगराच्या दिशेने सरकल्याचे आणि त्याच वेळी खाली दबल्याचेही त्यांना आढळले. वळणाऱ्या हिमनगाच्या मागील पाण्यातला दाब घटतो, त्यामुळे बर्फाचे टोक खाली ओढले जाते आणि त्याच कारणाने समुद्रतळावरचा भार हलका होऊन खडकावर वरच्या दिशेने बल लागते. भूकंपलेखांत दिसणारी आडवी आणि उभी अशी दोन्ही बले या एकाच हालचालीतून कशी निर्माण होतात, हे २०१५मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासामुळे स्पष्ट झाले.

प्रश्न : इतका मोठा हादरा असेल, तर शास्त्रज्ञांच्या तो आधीच लक्षात कसा आला नाही?

उत्तर : नोंद होत होती, ओळख पटत नव्हती. प्रस्तरभंगावर होणाऱ्या ५ तीव्रतेच्या नेहमीच्या भूकंपात खडक एक-दोन सेकंदांत सरकतो आणि त्यातून जलद कंपने निघतात. जगभरच्या केंद्रांची भूकंप शोधण्याची नित्याची पद्धत अशाच जलद कंपनांवर आधारलेली असते. हिमनगाचा रेटा मात्र तीस ते साठ सेकंद किंवा त्याहूनही अधिक काळ टिकतो. त्यातून निघणाऱ्या पृष्ठलहरींचा (पृथ्वीच्या पृष्ठभागालगत पसरणाऱ्या लहरींचा) आवर्तकाल, म्हणजे एका हेलकाव्याला लागणारा वेळ, दीर्घ असतो आणि जलद कंपने जवळजवळ नसतातच. गोरान एकस्ट्रॉम, मेरेडिथ नेटल्स आणि जेफ्री एबर्स या भूकंपशास्त्रज्ञांनी जुन्या नोंदींमध्ये मुद्दाम दीर्घ आवर्तकालाच्या लहरींचा शोध घेतला, तेव्हा नेहमीच्या यादीत नसलेले अनेक भूकंप हिमनद्यांच्या प्रदेशात सापडले, आणि २००३मध्ये त्यांनी ते जाहीर केले. त्या वेळी त्यांनी दिलेला खुलासा मात्र वेगळा होता : हिमनदीच अचानक पुढे घसरत असावी, असे त्यांना वाटले होते. पुढे काही वर्षांनी, हे भूकंप आणि हिमनग सुटण्याच्या घटना एकाच वेळी घडतात असे प्रत्यक्ष निरीक्षणांतून दिसल्यावर, घसरण्याची कल्पना मागे पडली.

प्रश्न : अंटार्क्टिकातून सुटणारे हिमनग तर याहून कितीतरी मोठे असतात. मग तेथे आणखी मोठे भूकंप व्हायला हवेत ना?

उत्तर : नाही, आणि यामागचे कारण फार बोलके आहे. जुलै २०१७मध्ये लार्सन सी या हिमफळीपासून (जमिनीला जोडलेल्या, पण समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरापासून) सुटलेल्या ए-६८ या हिमनगाचे क्षेत्रफळ सुमारे ५,८०० चौरस किलोमीटर होते, पण त्याची जाडी मात्र काही शे मीटरच होती. असा सपाट, विस्तीर्ण हिमनग आधीपासूनच तरंगत असतो. सुटल्यावर तो उलटत नाही, निमूटपणे वाहत जातो. त्यामुळे येथे आकारमानापेक्षा उंची आणि रुंदी यांचे प्रमाण महत्त्वाचे ठरते. अंटार्क्टिकातही थ्वेट्स हिमनदीसारख्या ठिकाणी उंच, अरुंद हिमनग सुटतात आणि तेथे अशा भूकंपांची नोंद झालेली आहे. ज्या हिमनद्या जमिनीवरच संपतात, त्यांच्याबाबतीत हा प्रकार अर्थातच संभवत नाही.

प्रश्न : अशा भूकंपांमुळे वस्तीला धोका असतो का?

उत्तर : हादऱ्यामुळे फारसा नाही, कारण इमारतींना हानी पोहोचवणारी जलद कंपने त्यात अत्यल्प असतात. उलटणाऱ्या हिमनगामुळे फ्योर्डमध्ये उसळणाऱ्या लाटा मात्र धोकादायक असतात आणि जवळच्या नौकांनी त्यांच्यापासून दूर राहणेच शहाणपणाचे.

याच संदर्भात १६ सप्टेंबर २०२३ रोजी पूर्व ग्रीनलंडमधील डिक्सन फ्योर्डमध्ये घडलेली घटना पुष्कळदा हिमनगाच्या खात्यावर मांडली जाते. ते बरोबर नाही. पायथ्याच्या हिमनदीचा बर्फ पातळ होत गेल्यामुळे डोंगराचा आधार गेला आणि अडीच कोटी घनमीटरहून अधिक खडक व बर्फ खाली कोसळला. सुमारे २०० मीटर उंच लाट उठली आणि त्यानंतर फ्योर्डमधले पाणी एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे हेलकावत राहिले. त्या हेलकाव्यांची दर ९२ सेकंदांनी येणारी स्पंदने जगभरातील भूकंपमापकांवर नऊ दिवस उमटत होती. कारण वेगळे, तरी दीर्घ आवर्तकालाच्या लहरींकडे लक्ष ठेवण्याची सवय येथेही उपयोगी पडली.

प्रश्न : या भूकंपांची संख्या वाढणे हा तापमानवाढीचा पुरावा मानावा का?

उत्तर : काही मर्यादेपर्यंत मानता येईल. २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार ग्रीनलंडमध्ये असे भूकंप हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्याच्या उत्तरार्धात कितीतरी अधिक होतात, आणि २००५मध्ये त्यांची संख्या २००२पूर्वीच्या कोणत्याही वर्षाच्या दुप्पट होती. परंतु केवळ संख्येवरून बर्फाची घट मोजणे मला पटत नाही. तरंगणारी जीभ (टोकाचा समुद्रावर तरंगणारा लांबट भाग) असलेली हिमनदी पुष्कळ बर्फ गमावूनही असे भूकंप घडवणार नाही. तीच जीभ मोडून टोक खडकाला टेकलेल्या भागापर्यंत मागे हटले, तर भूकंप सुरू होऊ शकतात. म्हणून ही नोंद प्रामुख्याने हिमनदीच्या टोकाची अवस्था सांगते. किती बर्फ गेला हे ठरवण्यासाठी उपग्रहांद्वारे होणारे उंचीचे आणि गुरुत्वाकर्षणाचे मापनच आधाराला घ्यावे लागते. भूकंपमापकाचे वैशिष्ट्य असे, की काळोखात, ढगांखाली किंवा वादळात, जेथे छायाचित्र मिळू शकत नाही तेथेही हिमनग नेमका केव्हा उलटला याची वेळ तो सेकंदांच्या हिशेबात सांगू शकतो.