गरुडाच्या बाजूने

"मीच आणलो, मॅडम. गावाकडं राहिले असते तर आज असते."

समोर समुपदेशनाला आलेले चाळिशीतले गृहस्थ होते. सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या यंत्रमागावर कामाला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आई गेल्यावर वडील मंगळवेढ्याकडच्या गावी एकटे राहायचे. एकदा अंगणात पडले, म्हणून यांनी हट्टाने त्यांना इथं आणलं. सतराव्या दिवशी हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले.

"माझ्यामुळे गेले का?" हा प्रश्न माझ्याकडे फार लोक घेऊन येतात. यांच्या बाबतीत त्यात एका गोष्टीची भर पडली होती. तेराव्याला एका वडीलधाऱ्यांनी ती सांगितली. वैकुंठाच्या दारात यम एका पाखराकडे टक लावून बघतो. गरुडाला दया येते, तो पाखराला उचलून दूरच्या डोंगरातल्या गुहेत ठेवून येतो. यम परतताना म्हणतो, "याचं मरण त्या गुहेत लिहिलं होतं. हे तिथं पोचणार कसं, याचंच मला नवल वाटत होतं."

सांगणाऱ्याला म्हणायचं होतं, मरण कुणाला चुकत नाही. मुलाला ऐकू आलं, गरुड तूच.

आधी झोप-जेवणाचं विचारलं. मग सरळच विचारलं, "आपणही मरून जावं असं वाटतं का?" असं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. ते रडले. "वाटतं कधीकधी. पण करणार काही नाही." त्यांच्या संमतीने मी त्यांच्या पत्नीशी बोलले, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोघांनाही दिला.

गोष्ट खोटी आहे, असं मी म्हटलं नाही. त्यांचा तिच्यावर विश्वास होता. मी तिची भावंडं सांगितली. तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथात शलमोन राजा आपल्या दोन लेखनिकांना मृत्यूच्या दूतापासून वाचवायला लूझ नगरीला पाठवतो, आणि ते तिथंच मरतात. तेराव्या शतकातल्या सूफी कवी रूमीच्या मसनवी या काव्यात मृत्यूला घाबरलेल्या माणसाला वारा हिंदुस्थानात नेतो, आणि त्याचं मरण तिथंच असतं. १९३३ च्या एका नाटकात इंग्रजी लेखक सॉमरसेट मॉमनं हीच गोष्ट बगदादच्या बाजारात आणली: नोकर मालकाचा घोडा घेऊन समाराला पळतो, आणि मृत्यूची त्याच्याशी भेट ठरलेली असते समारालाच.

"घोडा देणाऱ्याला मृत्यू दोष देतो का?" मी विचारलं.

ते बराच वेळ गप्प होते. "नाही. त्याला ठाव कुठं होतं?"

या साऱ्या गोष्टी मृत्यूच्या बाजूने सांगितलेल्या आहेत. पत्ता त्यालाच माहीत, शेवटचं वाक्यही त्याचंच. गरुड, राजा, मालक यांच्या हातात त्या क्षणी फक्त कळवळा असतो. गोष्ट म्हणून मला त्या फार आवडतात. पण ज्यानं निर्णय घेतला, त्याला तेराव्याच्या दिवशी त्या सांगू नयेत, असं माझं कळकळीचं म्हणणं आहे.

"गावी राहिले असते तरी गेलेच असते" हेही मी म्हटलं नाही. ते मलाही कळणार नाही, त्यांनाही नाही. त्या न कळण्यासोबत राहायला वेळ लागतो.

मी त्यांना म्हटलं, गरुडाच्या बाजूने लिहून आणा. तिसऱ्या भेटीत कारखान्यातल्या पावतीच्या पाठीवर चार ओळी होत्या. "उचललं तेव्हा पाखरू थरथरत होतं. वर गेल्यावर थांबलं. खाली बघत होतं. एवढं मी बघितलो."

मग त्या सतरा दिवसांबद्दल पहिल्यांदा बोलले. संध्याकाळी आजोबा नातवाला घेऊन सिद्धेश्वर तलावावर जायचे, माशांना चुरमुरे टाकायला. घरी परत यायला तयार नसायचे दोघंही.

"आता नातवाला कोण नेतं?"

"कुणी नाही. चुरमुऱ्याची पिशवी खुंटीलाच आहे अजून."

पुढच्या वेळी त्यांना यायला अर्धा तास उशीर झाला. सोबत मुलगा होता. हाताला चुरमुऱ्याचा चुरा लागलेला.