वाचक विचारतात : विमानाच्या पोटात रेडिएशनचा खोका?

प्रश्न : मुंबईहून दिल्लीला जाताना खिडकीतून बघितलं तर लोडर आमच्या बॅगांसोबत एक खोका चढवत होता, त्यावर पिवळं लेबल आणि ते तीन पात्यांचं रेडिएशनचं चिन्ह. सोबत सहा वर्षांची मुलगी होती, दोन तास नुसता जीव टांगणीला. प्रवासी विमानात हे चालतंच कसं? त्यासाठी कार्गो विमानं असतात ना? — एक आई, ऐरोली

उत्तर : चालतं ताई, आणि लपूनछपून नाही, पूर्ण कागदपत्रांसकट चालतं. तो खोका बहुतेक तुमच्या घराजवळूनच निघालेला असणार. वाशीला ब्रिट आहे, म्हणजे अणुऊर्जा खात्याचं बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी, तिथून देशभरच्या हॉस्पिटलांना थायरॉइडसाठी आयोडिन-131, बोन स्कॅनसाठी मॉलिब्डेनम-99 चे जनरेटर (विजेचे नव्हेत, ज्यातून स्कॅनचं औषध काढतात ते डबे) असा माल जातो.

कार्गो विमानाने का नाही, तर हा माल वाटेतच आटत असतो. मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा माल आटायला लागणारा वेळ, 66 तास, म्हणजे एक दिवस उशीर झाला की साधारण 22 टक्के माल गेला, आणि त्यातून निघणारं टेक्नेशियम, जे खरं तर पेशंटला टोचतात, ते तर सहा तासांत निम्मं होतं. पेट स्कॅनचं फ्लोरिन-18 दोन तासही धड टिकत नाही, 110 मिनिटांत अर्धं. आता रायपूरला किंवा गुवाहाटीला रोज ठरल्या वेळेला काय जातं? तुमचं-आमचं प्रवासी विमान. 2010 मध्ये आइसलँडचा ज्वालामुखी फुटून युरोपातली विमानं बंद पडली तेव्हा मॉलिब्डेनमच्या पुरवठ्याचीही बोंब झाली होती, कारण ते बनवणाऱ्या अणुभट्ट्या जगात मोजक्याच आणि दूरचा माल विमानानेच जाणारा.

आता मुलीचं. त्या पिवळ्या लेबलवर खाली एक छोटी चौकट असते, तिच्यात टीआयचा आकडा लिहिलेला असतो, टीआय म्हणजे ट्रान्सपोर्ट इंडेक्स. खोक्यापासून एक मीटरवर ताशी किती मिलिसिव्हर्ट (शरीराला लागणाऱ्या रेडिएशनचं माप, एक मिलि म्हणजे हजार मायक्रो) रेडिएशन येतं ते मोजायचं आणि 100 ने गुणायचं, झाला टीआय. म्हणजे टीआय 1 असेल तर एक मीटरवर ताशी 10 मायक्रोसिव्हर्ट. पांढऱ्या लेबलचा खोका सगळ्यात सौम्य, मग पिवळं दोन, मग पिवळं तीन. प्रवासी विमानात सगळ्या खोक्यांचा मिळून टीआय 50 च्या वर जाऊन चालत नाही, कार्गो विमानात हीच मर्यादा 200 आहे. शिवाय अंतराचं टेबल असतं: टीआय 1 पर्यंत असेल तर खोक्याचा वरचा भाग आणि तुमच्या केबिनची फरशी यांच्यात निदान 30 सेंटिमीटर, 2 पर्यंत 50, 3 पर्यंत 70, असं वाढत जातं. दोन-चार खोके जवळजवळ ठेवले तर त्यांचे टीआय बेरीज करून अंतर काढायचं, सुटेसुटे मोजायची पळवाट आधीच बंद केलेली आहे. पिवळं तीन लेबल असेल तर तो खोका होल्डच्या, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या जागेच्या, जमिनीवरच, दुसऱ्या सामानावर चढवायचा नाही. आणि पायलटला उड्डाणाआधी लेखी कागद मिळतो, त्याला नोटॉक म्हणतात, काय आहे, किती आहे, कुठे ठेवलंय सगळं त्यात.

मग मुलीला काहीच लागलं नाही का? शून्य म्हणणार नाही, शून्य सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. टीआय 1 चा खोका बरोब्बर तुमच्या सीटखाली एक मीटरवर असता तर दोन तासांत 20 मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे छातीचा एक एक्सरे काढल्याइतकं, आणि दोन-तीन रांगा सरकलात की ते झपाट्याने उतरतं. त्याच उड्डाणात आकाशातून येणाऱ्या कॉस्मिक किरणांचे काही मायक्रोसिव्हर्ट विमानातल्या प्रत्येकाला मिळाले, त्याला ना लेबल ना नोटॉक.

खोका पडला, फुटला तर, हेही मनात आलंच असेल. औषधांचा माल बहुतेक टाइप ए पॅकेजमध्ये जातो. त्यावर तासभर पावसासारखं पाणी मारतात, 1.2 मीटरवरून आपटतात, त्याच्याच वजनाच्या पाचपट भार 24 तास वर ठेवतात, आणि सहा किलोची सळई एक मीटरवरून सोडतात. आत द्रव असेल तर आपटायची उंची थेट नऊ मीटर, तीन मजल्यांवरून टाकल्यासारखं. तरी गंमत अशी की हा डबा कधी फुटणारच नाही असं नियम धरून चालतच नाही, म्हणून आत किती माल भरायचा त्यालाच कुलूप आहे. कॅप्सूलमधल्या आयोडिन-131 साठी ही हद्द 700 गिगाबेक्वेरल (बेक्वेरल आणि क्युरी ही माल किती रेडिओॲक्टिव्ह आहे त्याची मापं), आणि थायरॉइड कॅन्सरच्या पेशंटचा 150 मिलिक्युरीचा डोस होतो साडेपाच गिगाबेक्वेरल, करा हिशोब.

नियम इतके किचकट का झाले त्यालाही कारण आहे. अमेरिकेत 1971 च्या शेवटी नीट पॅक न केलेलं मॉलिब्डेनमचं द्रावण प्रवासी विमानात गळलं, प्रवाशांच्या बॅगांना लागलं, मोठा गोंधळ झाला. पुढे 1975 च्या कायद्याने तिथे प्रवासी विमानात रेडिओॲक्टिव्ह माल फक्त वैद्यकीय निदान, उपचार किंवा संशोधनासाठीच न्यायचा असं ठरलं, आणि एका खोक्याचा टीआय 3 च्या वर नको. हे त्यांचं बंधन झालं, आपल्याकडे एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ) आणि डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) आंतरराष्ट्रीय नियमांवर चालतात. 

मला विचाराल तर काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. चिन्ह बघून कोणीतरी बिचकतं, खोका खाली राहतो, "उद्याच्या फ्लाइटने पाठवतो" असं गोड आवाजात सांगतात, आणि तिकडे उपाशीपोटी आलेले पेशंट घरी परत जातात. नाही म्हणायचा अधिकार पायलटला आहे आणि तो असायलाच हवा, पण कागद वाचून नाही म्हणा ना.

प्रश्न : आईला थायरॉइडसाठी आयोडिनचा मोठा डोस दिलाय, आता घरी सोडलंय. भावाकडे दुबईला जायचा हट्ट धरून बसलीये. विमानात बसू देतील का? — घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : पेशंटच्या शरीरात गेलेलं औषध पॅकेजच्या नियमांत येत नाही, त्यामुळे आईंना लेबल लावावं लागणार नाही! पण डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटलने कागद दिला असेल, इतके दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहा वगैरे, तो शोधा, आणि ते दिवस संपेपर्यंत विमानच काय शेजारी चिकटून बसायचा लांबचा प्रवास कुठलाच नको. नक्की तारीख न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांकडूनच घ्या. त्यानंतरही आठवडेच्या आठवडे अगदी सूक्ष्म अंश शरीरात राहतो आणि काही विमानतळांवरचे रेडिएशन डिटेक्टर तेवढ्यानेही वाजतात. म्हणून हॉस्पिटलच्या लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घ्या: औषधाचं नाव, डोस, तारीख, हॉस्पिटलचा फोन. पत्र हातातल्या पर्समध्ये, चेक-इन बॅगेत नाही.

प्रश्न : मित्राचं कोल्हापूरला स्कॅन सेंटर आहे. मी वाशीलाच राहतो, जाताना त्याच्यासाठी एखादी कॅप्सूल हँडबॅगेत नेली तर? वेळ वाचेल. — वाशी

उत्तर : नाही. हँडबॅगेत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. आणि असा माल तुमच्या हातात कोणी देणारही नाही, मित्राकडे एईआरबीचं लायसन्स असेल तर ऑर्डर त्याच्याच नावाने निघते आणि पॅकिंग, डिक्लेरेशन, लेबल सगळं पाठवणारा करतो. तुम्ही मित्राला भेटायला रिकाम्या हाताने जा.