गांडुळं रात्री पळतात कशाला?

प्रश्न : ताई, ठाण्यात वन बीएचके आहे, बाल्कनी नाही. दोन महिन्यांपूर्वी घरच्या कचऱ्याचं खत करायला अर्धा किलो गांडुळं आणून झाकणाच्या क्रेटमध्ये सिंकखाली ठेवली. रोजचा ओला कचरा, साधारण पाऊण किलो, सगळा त्यातच टाकते. आता जुलै लागल्यापासून सकाळी किचनच्या फरशीवर दहा-बारा गांडुळं वाळून पडलेली असतात आणि वासही यायला लागलाय. सासूबाईंनी अल्टिमेटम दिलंय, एकतर गांडुळं नाहीतर मी. काय चुकतंय?

उत्तर : सासूबाईंना आधी चहा करून द्या, कारण त्यांचं फारसं चूक नाहीये :) आणि गांडुळांचंही नाही. चूक त्या पाऊण किलोची आहे.

हिशोब बघा ना, सगळं जमून आलेलं असेल तर गांडुळं दिवसाला स्वतःच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास खातात, म्हणजे तुमची अर्धा किलो फार तर पाव किलो, आणि नवीन डब्यात तर तेवढंही नाही, शंभर ग्रॅमपासून सुरुवात करायची असते. उरलेलं सगळं रोज साचत गेलं, खालचं दबलं, पाणी सुटलं, हवा संपली, मग ते आंबायला लागतं आणि तोच वास येतो. गांडूळ कातडीने श्वास घेतं, त्यामुळे कातडी ओली लागतेच, पण डबाच तुंबला की त्याला श्वास कोंडून वर यावंच लागतं. ते पळत नाहीये, जीव वाचवतंय बिचारं.

आता आठ दिवस खायला काहीच देऊ नका. उपाशी मरतील अशी धास्ती नको, आत महिन्याचं रेशन पडलंय. वरचा कुजका थर काढून टाका, वर्तमानपत्राच्या पट्ट्या नाहीतर पुठ्ठ्याचे तुकडे भरपूर मिसळा (गुळगुळीत चकचकीत मासिकाचा कागद नको, हो, आमच्या मासिकाचा पण नको), पूजेच्या नारळाच्या शेंड्या असतील तर त्या मोकळ्या करून घाला, आणि हलक्या हाताने खालीवर करून हवा जाऊ द्या. मूठभर दाबून बघायचं, एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर अजून कागद. अंड्याची टरफलं वाळवून मिक्सरमधून काढून चमचाभर भुरभुरवा, आंबटपणा मरतो. खायचा चुना मात्र टाकू नका, त्याने गांडुळंच भाजतील. दोन-चार रात्री डब्यावर छोटा दिवा चालू ठेवा, उजेड आवडत नाही त्यांना, खालीच बसतात.

अजून एक. आपल्याकडे विकत मिळणाऱ्या गांडुळांत बऱ्याचदा जातींची भेसळ असते. लालसर पट्टेवाली आयसेनिया फेटिडा घरातल्या डब्यात शांत राहते, पण निळसर झाक असलेली, हात लावला की वळवळून उडणारी असतील तर ती पेरिओनिक्स, पावसाची हवा बदलली की डबा नीट असूनही फिरायला निघतात. तुमच्याकडे कुठली आहेत ते उजेडात बघून घ्या. निळसर असतील तर झाकणाच्या भोकांना आतून मच्छरदाणीची जाळी चिकटवा, बंद मात्र करू नका.

नंतर सुरू कराल तेव्हा एका कोपऱ्यात मूठभर भाजीची देठं, केळ्याची साल, चहाचा चोथा (साखर-दूध धुऊन) बारीक कापून पुरायचं, वर कागद. ते संपलं की शेजारचा कोपरा. लिंबाची सालं, कांदा-लसूण, मिरच्या, फोडणीचं, लोणच्याचं, मासळीचं काही नको. मग राहिलेला अर्धा किलो कचरा? तो सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात जाऊ दे, बिघडत नाही. एका क्रेटमध्ये अख्खं घर बसवायच्या नादात कित्येकांचे डबे बंद पडलेले बघितलेत मी, माझा पहिला डबा धरून!

प्रश्न : क्रेटखाली काळं पाणी साचतं, तेच व्हर्मीवॉश (झाडांना घालायचं गांडूळखताचं पाणी) ना? कोथिंबिरीला घालू का?

उत्तर : नाही हो. जास्तीचं पाणी कच्च्या कचऱ्यातून गळून आलंय ते. व्हर्मीवॉश तयार झालेल्या खतातून आणि गांडुळांच्या थरातून स्वच्छ पाणी हळूहळू झिरपवून काढतात आणि त्याला घाण वास येत नाही. हे तुमचं दहापट पाण्यात मिसळून मनीप्लांट-बिंटला घाला, जी पानं आपण कच्ची खातो त्यांना नको. आणि रोज साचत असेल तर वरचं पाऊण किलोवालं उत्तर तुम्हीही वाचा.

प्रश्न : नागपूरला मे महिन्यात गांडुळं जगतात का? शिवाय लाल मुंग्या झाल्यात.

उत्तर : डब्याच्या आत ३५ अंशांच्या वर गेलं की अवघड. घरातली सगळ्यात गार फरशी शोधा, कूलरची हवा पोचते तिथे ठेवा, क्रेटभोवती ओलं गोणपाट गुंडाळा आणि आंब्याची सालं ढिगाने टाकू नका, ती कुजताना स्वतःच तापतात. मुंग्या झाल्या म्हणजे डबा कोरडा पडलाय, पाणी शिंपडा. बाकी आजी जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची ना, क्रेटखाली चार विटा आणि त्यांच्याखाली पाण्याच्या ताटल्या, तोच उपाय. पाणी दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर मुंग्या जातील आणि डास येतील.