आधी वही उघड, मग माळेला बोल

बाळा,

काल संध्याकाळी भरतीच्या सरावात गोळा टाकून झाल्यावर तू गळ्यातली तुळशीची माळ सदऱ्याच्या आत सारलीस आणि हळूच विचारलंस, "मास्तर, मटन सुटलं तवापासून अंगात दमच नाही राह्यला. माळ उतरवू का?" बाकीची पोरं कान देऊन होती, म्हणून "पाहू" म्हणून टाळलं. समोरासमोर बोलायला गेलो तर माझा आवाज चढतो, म्हणून लिहून देतो.

गोळा किती कमी पडतो, असं मी विचारलं. तू म्हणालास, "लय." लय म्हणजे किती? जूनमध्ये कुठे पडत होता ते लिहिलंयस का कुठे? कापूस विकताना तुझा बाप काट्यावर नजर रोखून उभा राहतो, पावशेराचा फरक सोडत नाही. आणि तू गळ्यातल्या माळेवर आळ घेतोस तो अंदाजपंचे. मोज, मग बोल.

आधी मटणच मोजू. माळ घालण्याआधी किती खात होतास? रविवारी, तेही हाती पैसे असले तर, सहा माणसांत अर्धा किलो. तुझ्या वाट्याला चार फोडी आणि वाटीभर तर्री. सोमवार ते शनिवार तू शाकाहारीच होतास रे! फक्त तसं म्हणत नव्हतास.

तालुक्याच्या जिमवाल्याने तुला क्रिएटिनचं सांगितलं. तो अगदीच खोटं बोलला नाही. स्नायूला पहिल्या दहाएक सेकंदांत जो झटका मारायचा असतो, त्याची ताकद क्रिएटिनवर चालते. ते मांस-मासळीत असतं, किलोला साधारण ४ ते ५ ग्रॅम. डाळी-भाकरीत जवळपास नाहीच. पण आपलं शरीरही यकृत आणि मूत्रपिंडात रोज सुमारे १ ग्रॅम तयार करतं. आता हिशेब कर. तुझ्या चार फोडींतून आठवड्याला अर्धा ग्रॅमही येत नव्हतं, आणि शरीर आठवड्याला सात ग्रॅम बनवत होतं. मग गेलं काय?

बेल्जियममध्ये मांस खाणाऱ्या काही बायकांना सहा महिने शाकाहारावर ठेवून पाहिलं, २०१८ साली ते छापून आलं. त्यांच्या स्नायूतलं क्रिएटिन खरंच उतरलं. कार्नोसिन म्हणून दुसरं एक द्रव्य असतं, व्यायामात स्नायूत आम्ल साचतं ते सावरणारं, ते मात्र उतरलं नाही. त्या बायका होत्या, तू वीस वर्षांचा भरतीचा पोरगा, हे मला कळतं. पण त्यांनी आधी मोजलं आणि नंतरही मोजलं. तू एकदाही मोजलं नाहीस.

क्रिएटिनचा उपयोग असलाच तर तुला गोळ्यात आणि १०० मीटरमध्ये. १६०० मीटरचा दम वेगळा, तो रोजच्या पळण्यातून येतो. घ्यायचंच असेल तर घे, माझी ना नाही. कारखान्यात रसायनांपासून बनतं, त्यात जनावराचं काही नसतं, माळ बाटत नाही. फक्त कॅप्सूल घेऊ नको, तिचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्यापासून बनलेलं असू शकतं. रोज ३ ते ५ ग्रॅम भुकटी पुरते, आणि शाकाहाऱ्याच्या स्नायूत जागा रिकामी असल्यामुळे त्याला ती उलट जास्त लागू पडते. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचार. पण उधारीवर तो मोठा रंगीत डबा आणलास तर मैदानावर पाय ठेवू नकोस.

कारण डब्याआधी ताट आहे. साठ किलोच्या, रोज घाम गाळणाऱ्या पोराला किलोमागे दीड ग्रॅम तरी प्रथिनं लागतात, म्हणजे ९०. तुझ्या चार भाकरी धर २४ ग्रॅम. दोन वाट्या वरण, तुझ्या घरचं ते पाण्यासारखं (आईला सांगू नको मी म्हटलं म्हणून), धर १०. झाले ३४. बाकीचे कुठून येणार, जयजयकारातून? आपण पोत्यांनी सोयाबीन मार्केटात नेऊन ओततो. कारखाना त्याचं तेल काढतो, उरलेल्या पिठाची वडी करतो आणि ती वडी आपल्याच गावच्या दुकानात टांगलेली असते. घेतो कोण? पन्नास ग्रॅम वडीत २५ ग्रॅम प्रथिनं आहेत. पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांत १२, अर्धा लिटर दूध १६. मिळून सत्त्याऐंशी. बघ, नुसत्या ताटातच जमत आलं. सोयाबीन दाणे कच्चे भिजवून मात्र खाऊ नको, पचन अडवणारं द्रव्य असतं त्यात, शिजवल्यावर जातं. आणि वरण घट्ट ठेव. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा जो घटक कमी पडतो तो तूरच भरून काढते.

जेवणावर चहा मारतोस तो बंद कर, अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. त्यापेक्षा वरणावर लिंबू पीळ. बी-१२ जीवनसत्त्वाचा साठा शरीरात वर्षानुवर्षं पुरतो, चार महिन्यांत संपत नाही. दूध-दही घेत राहा आणि वर्षाकाठी एकदा रक्त तपासून घे.

आता जे तू सांगितलंच नाहीस ते. कौंडण्यपूरच्या पालखीबरोबर पंढरपूरला महिनाभर चाललास. गोळ्याला हात लावलास का? आल्यावर फवारणी, मग सोयाबीनची सोंगणी. किती सकाळी मैदानावर होतास? मी मोजल्यात. एकवीस. चार महिन्यांत एकवीस! आणि दोष माळेला.

मला राग येतो तो तुझा नाही. बावीस वर्षांचा असताना मी कुस्ती खेळायचो. वडील गेले तेव्हा आईच्या शब्दाखातर माळ घातली. पुढच्या जत्रेत पहिल्याच कुस्तीत चीत झालो. गावभर सांगत फिरलो, मटण सुटलं, ताकद गेली. त्या पावसाळ्यात पेरणी माझ्या एकट्याच्या अंगावर होती, जोर-बैठका बंद होत्या, आखाड्याची भिंत पडली होती. हे मी कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. एका दुपारी माळ काढून आईच्या जात्याजवळच्या खुंटीला अडकवली. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने माझं ताट वेगळं ठेवलं, कोपऱ्यातलं ते जर्मनचं. मटण खाऊनही पुढची कुस्ती मी हरलोच. तेव्हा मला वही दाखवायला कोणी नव्हतं, असं मी म्हणतो. वही माझ्या शाळेच्या पिशवीत होती, अर्धी कोरी.

आता मी तुला ओरडतो म्हणजे माझं ओझं तुझ्या डोक्यावर टाकतो, असं तुझी काकू म्हणते. असेल. पण एकवीस हा आकडा माझा नाही, तुझा आहे.

माळ ठेवायची की उतरवायची ते तू आणि तुझा विठ्ठल बघा, मी मधे पडणार नाही. फक्त आठ आठवडे मोज. रोज काय खाल्लं, किती झोपला, गोळा कुठे पडला. सोमवारी पाचला ये. गोळा माझ्याकडे आहे. फीत तुझी आण, माझी उंदरांनी सात मीटरपाशी कुरतडली आहे.

तुझा,
मास्तर